दुचाकीचा दिवा दिसतो, पण त्याचा अर्थ लागतो का?

देशात १ एप्रिल २०१७ पासून बाजारात आलेल्या नव्या दुचाकींना पुढचा दिवा बंद करण्याचे बटण नाही. इंजिन सुरू होताच दिवा लागतो आणि इंजिन बंद होईपर्यंत तो तेवत राहतो. भर दुपारच्या उन्हातही दुचाकी इतर चालकांच्या नजरेत यावी, एवढाच या नियमाचा हेतू. नियम लागू झाल्यानंतरचे पहिले काही महिने दुचाकीस्वारांना एक अनुभव वारंवार येत असे. समोरून येणारा कोणीतरी हाताचा पंजा उघडमीट करून ‘दिवा चालू राहिला आहे’ असे सुचवीत असे. बंदच करता न येणारा दिवा बंद करण्याचा तो सल्ला होता.

हे हातवारे आता जवळजवळ थांबले आहेत. दिवसा पेटलेला दुचाकीचा दिवा ही विसराळूपणाची खूण नाही, हे लोकांच्या अंगवळणी पडले आहे. एका अर्थाने हे नियमाचे यशच म्हणावे लागेल. तथापि त्या हातवाऱ्यांनी जो प्रश्न पुढे आणला होता, त्याची पुरेशी चर्चा झाली नाही. रस्त्यावर दिवा दिसणे आणि त्या दिव्याचा अर्थ समजणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिलीसाठी भारतात नियम झाला. दुसरीबाबत मात्र ना पुरेसे शिक्षण आहे, ना चालकांमध्ये एकमत.

आकडेवारी काय सांगते

केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. मृतांपैकी ४४.५ टक्के, म्हणजे सुमारे ७५ हजार जण दुचाकीवरील होते. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, एकूण मृतांची संख्या १ लाख ७२ हजारांच्या वर गेली आणि त्यातही दुचाकीस्वारांचाच वाटा सर्वांत मोठा राहिला. देशातील नोंदणीकृत वाहनांपैकी जवळपास तीन चतुर्थांश वाहने दुचाकी आहेत, हे लक्षात घेतले तरी या आकड्यांचे गांभीर्य कमी होत नाही.

याच अहवालांतील आणखी एक बाब विचार करायला लावणारी आहे. बहुसंख्य अपघात धुक्यात, मुसळधार पावसात किंवा अवघड वळणांवर झालेले नाहीत. सुमारे दोन तृतीयांश अपघात सरळ रस्त्यांवर आणि तीन चतुर्थांशांच्या आसपास अपघात स्वच्छ हवामानात झाल्याचे २०२२ च्या नोंदी सांगतात. दिवसाच्या वेळांचा विचार केल्यास सायंकाळी सहा ते रात्री नऊ हा काळ दरवर्षी सर्वाधिक अपघातांचा ठरतो. दिवेलागणीच्या या वेळी उजेड पुरता मावळलेला नसतो आणि दिव्यांचा प्रकाशही पुरेसा भासत नाही.

अपघातांच्या कारणांमध्ये अतिवेग हे कारण सत्तर टक्क्यांहून अधिक प्रकरणांत नोंदले जाते. त्याखालोखाल चुकीच्या बाजूने वाहन चालविणे, मद्यपान, भ्रमणध्वनीचा वापर, लाल दिवा ओलांडणे अशी वर्गवारी असते. ‘समोरचे वाहन दिसले नाही’ किंवा ‘इशाऱ्याचा चुकीचा अर्थ लावला गेला’ यांसाठी या वर्गवारीत स्वतंत्र रकाना नाही. ज्या कारणासाठी दिवसा दिवा सक्तीचा करण्यात आला, तेच कारण अधिकृत कोष्टकात आढळत नाही.

दुचाकी का ‘दिसत नाही’

अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरात १९७० च्या दशकात हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष घटनास्थळी जाऊन पाहणी केली. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अहवाल आजही या विषयाचा पाया मानला जातो. मोटारसायकल आणि दुसरे वाहन यांच्यातील टकरींपैकी सुमारे दोन तृतीयांश प्रकरणांत दुसऱ्या वाहनाच्या चालकाने मोटारसायकलचा आधी जाण्याचा हक्क डावलला होता. त्यांपैकी अनेकांचे म्हणणे एकच होते. मोटारसायकल दिसलीच नाही, किंवा दिसली तेव्हा फार उशीर झाला होता.

त्यानंतर १९९९ ते २००० या काळात फ्रान्स, जर्मनी, इटली, नेदरलँड्स आणि स्पेन या पाच युरोपीय देशांत ९२१ अपघातांचा असाच सखोल अभ्यास झाला. एक तृतीयांशाहून अधिक अपघातांत दुसऱ्या चालकाची आकलनातील चूक हेच मूळ कारण असल्याचे त्यात आढळले. देश वेगळे, वाहने वेगळी, दशके वेगळी. निष्कर्ष मात्र सारखाच.

याचे कारण केवळ निष्काळजीपणा नव्हे. समोरून येणारे वाहन किती वेगाने जवळ येत आहे, याचा अंदाज माणसाची नजर त्या वाहनाच्या आकारात होणाऱ्या वाढीवरून बांधते. ट्रकचे रुंद तोंड झपाट्याने मोठे होत जाते. मोटारसायकलचा पुढून दिसणारा भाग अरुंद असल्याने तो बराच वेळ जवळपास तेवढाच भासतो आणि अगदी जवळ आल्यावर एकाएकी मोठा होतो. परिणामी, सारख्याच वेगाने येणारी मोटारसायकल मोटारीपेक्षा सावकाश येत आहे असे वाटते आणि मध्ये पुरेसा अवकाश आहे, अशी चालकाची समजूत होते. भारतात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. साहजिकच समोरची रहदारी छेदून उजवीकडे वळताना हा चुकीचा अंदाज सर्वाधिक घातक ठरतो.

यात मोटारीच्या काचेशेजारील खांबाची भर पडते. या खांबाआड अख्खी मोटारसायकल काही क्षण सहज लपू शकते. शिवाय डावी-उजवीकडे झरझर पाहताना डोळे एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर उडी घेतात आणि त्या उडीदरम्यानचे दृश्य मेंदूपर्यंत स्पष्टपणे पोहोचत नाही. ‘पाहिले, पण दिसले नाही’ हे अपघातग्रस्त चालकाचे विधान म्हणूनच अनेकदा प्रामाणिक असते. अर्थात, प्रामाणिक असले म्हणून त्याचे परिणाम सौम्य होत नाहीत.

दिवसा दिवा लावण्याचा जागतिक अनुभव

या अडचणीवर सर्वांत साधा उपाय म्हणून दिवसाही दिवा सुरू ठेवण्याची कल्पना पुढे आली. आशियातील उदाहरण घ्यायचे तर मलेशियाचे घ्यावे लागेल, कारण तेथेही रस्त्यांवर दुचाकींचे प्रमाण मोठे आहे. मलेशियाने १९९२ मध्ये आधी प्रचारमोहीम राबविली आणि त्यानंतर दिवसा दिवा लावणे सक्तीचे केले. तेथील संशोधकांच्या अभ्यासानुसार, दुचाकी नजरेत न आल्यामुळे होणारे अपघात प्रायोगिक भागांत सुमारे २९ टक्क्यांनी घटले. जपानने १९९८ पासून नव्या मोटारसायकलींचा दिवा सतत सुरू राहील अशी रचना बंधनकारक केली. युरोपातील उत्पादकांनी २००३ पासून हीच पद्धत स्वीकारली. इंडोनेशियाने २००९ च्या वाहतूक कायद्यात तशी तरतूद केली.

न्यूझीलंडमधील ऑकलंड परिसरात झालेला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याहून व्यापक होता. दिवसा दिवा लावणाऱ्या मोटारसायकलस्वारांमध्ये गंभीर अपघाताचा धोका २७ टक्क्यांनी कमी असल्याचे त्यात दिसून आले. चमकदार किंवा प्रकाश परावर्तित करणारे कपडे घालणाऱ्यांमध्ये हा धोका ३७ टक्क्यांनी, तर काळ्याऐवजी पांढरे हेल्मेट वापरणाऱ्यांमध्ये २४ टक्क्यांनी कमी होता. दिवा हा अनेक उपायांपैकी एक आहे, एकमेव नव्हे, हा या अभ्यासाचा खरा बोध.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या, निवृत्त न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील रस्ता सुरक्षा समितीनेही या तरतुदीचा आग्रह धरला होता. नियम लागू होण्याचा दिवस आणि प्रदूषणाच्या भारत स्टेज चार मानकांची अंमलबजावणी सुरू होण्याचा दिवस एकच असल्याने जनतेचे सारे लक्ष जुन्या साठ्यातील वाहनांवरील सवलतींकडे वळले. दिव्याचा बदल त्या गडबडीत जवळपास मुकाट्याने झाला. विक्रेत्याने ग्राहकाला त्याचे कारण समजावून सांगितलेच असेल, असे नाही. बॅटरी लवकर उतरेल, इंधन जास्त लागेल, अशा शंकांचीच चर्चा अधिक झाली.

उघडझाप एक, अर्थ दोन

सतत तेवणारा दिवा फक्त ‘मी येथे आहे’ एवढेच सांगतो. चालकाने मुद्दाम केलेली दिव्याची उघडझाप मात्र काहीतरी अधिक सांगू पाहते आणि खरा गोंधळ तेथेच सुरू होतो.

रस्ते वाहतुकीविषयीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात प्रकाशाच्या इशाऱ्याला भोंग्याचा पर्याय मानले आहे. म्हणजे दिव्याची उघडझाप हा एक मूक भोंगा होय. ब्रिटनच्या वाहतूक संहितेतही, आपण तेथे आहोत एवढेच सांगण्यासाठी दिव्याची उघडझाप करावी आणि कोणी तशी केली म्हणून ती पुढे जाण्याची परवानगी समजू नये, असे स्पष्ट बजावले आहे. गंमत अशी की, नियम असा असूनही ब्रिटनमधील प्रत्यक्ष प्रथा बरोबर उलट आहे. तेथे समोरच्याने दिवा उघडमीट केला की ‘तुम्ही आधी जा’ असाच अर्थ सर्रास घेतला जातो.

भारतातील प्रथा याच्या विरुद्ध टोकाची आहे. अरुंद पुलावर, घाटात किंवा एकपदरी रस्त्यावर समोरच्या ट्रकने दिवे उघडमीट केले, तर त्याचा सर्वमान्य अर्थ ‘मी थांबणार नाही, तुम्ही थांबा’ असा होतो. जो आधी इशारा देईल त्याचा हक्क आधी, असा हा अलिखित संकेत आहे. परदेशात वाहन चालवून परतलेला चालक किंवा भारतात नव्याने आलेला परदेशी नागरिक येथे हमखास फसतो. त्याला जे आमंत्रण वाटते, ती प्रत्यक्षात ताकीद असते.

देशांतर्गत चित्रही एकसारखे नाही. शहरांतील गल्ल्यांमध्ये सौजन्याने वाट देणारा चालकही दिवाच उघडमीट करतो. समोर पोलिसांची तपासणी आहे, हे सांगण्यासाठी हीच खूण वापरली जाते. मागून येणारी मोटार ‘बाजू द्या’ म्हणून हेच करते आणि रात्री ‘तुमचा झोत खाली घ्या’ असे सुचविण्यासाठीही दुसरा मार्ग नाही. एका खुणेला पाच अर्थ असतील, तर नेमका कोणता घ्यायचा हे प्रसंग, जागा आणि समोरच्या वाहनाचा आकार पाहून ठरवावे लागते. त्यासाठी मिळणारा वेळ मात्र दोन-तीन सेकंदांचा असतो.

बाजूच्या दिव्यांचीही तीच गत आहे. महामार्गावर पुढचा ट्रक उजवा दिवा लुकलुकवतो, तेव्हा तो स्वतः उजवीकडे वळणार आहे की मागच्याला उजवीकडून पुढे जाण्याची मुभा देत आहे, हे मागील दुचाकीस्वाराला ताडावे लागते. चौकातून सरळ जायचे असताना चारही दिवे एकदम लुकलुकविण्याची सवयही सर्वत्र आढळते. वस्तुतः ते दिवे थांबलेल्या किंवा बिघडलेल्या वाहनासाठी आहेत. बाजूने येणाऱ्याला त्यांतील एकाच बाजूचा दिवा दिसतो आणि वाहन वळणार असा त्याचा समज होतो.

ट्रकांच्या मागे वर्षानुवर्षे रंगविलेली ‘हॉर्न ओके प्लीज’ आणि ‘यूज डिपर अ‍ॅट नाइट’ ही वाक्ये याच अलिखित भाषेची व्याकरणे होती. त्यांपैकी पहिल्या वाक्यावर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ध्वनिप्रदूषणाच्या कारणास्तव बंदी घातली. भोंगा कमी व्हावा हे योग्यच. पण मग त्याची जागा घेणाऱ्या प्रकाशाच्या इशाऱ्याची रीत कोणी शिकवायची, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

न दिलेला इशारा

दुचाकीच्या बाबतीत एक अडचण याहूनही सूक्ष्म आहे. स्वाराने कोणताही इशारा दिलेला नसताना समोरच्याला तो दिल्यासारखा वाटू शकतो.

सतत तेवणारा दिवा घेऊन येणारी मोटारसायकल गतिरोधकावरून किंवा खड्ड्यातून गेली की तिचे पुढचे चाक खाली-वर होते. त्याबरोबर प्रकाशाचा झोत क्षणभर समोरच्याच्या डोळ्यांवर येतो आणि पुन्हा खाली जातो. दुरून पाहणाऱ्याला ही उघडझापच भासते. चौकात उजवीकडे वळण्यासाठी थांबलेला मोटारचालक तिचा अर्थ ‘तुम्ही जा’ असा घेऊन वळला, तर दुचाकीस्वाराच्या हातात काहीच उरत नाही. उलट त्या चालकाने तिचा अर्थ ‘मी थांबणार नाही’ असा घेतला, तर स्वार सुखरूप जातो. अपघात होणे किंवा टळणे हे स्वाराच्या कौशल्याऐवजी दुसऱ्याच्या समजुतीवर अवलंबून राहते. भारतीय रस्त्यांवर गतिरोधकांची आणि खड्ड्यांची वाण नाही, हे वेगळे सांगायला नको.

अनेक जुन्या, स्वस्त दुचाकींमध्ये पुढच्या दिव्याला बॅटरीऐवजी थेट इंजिनावर चालणाऱ्या विद्युतजनित्राकडून वीज मिळते. अशा गाडीचा वेग कमी झाला की दिवा मंदावतो आणि अ‍ॅक्सिलरेटर पिळताच तो प्रखर होतो. चौकाजवळ वेग कमी-जास्त करणाऱ्या अशा दुचाकीचा दिवाही काहीतरी ‘बोलतो’ आहे, असे समोरच्याला वाटू शकते. एलईडी दिव्यांच्या नव्या वाहनांत ही अडचण बरीच कमी झाली आहे. जुनी वाहने मात्र रस्त्यांवर अजून बरीच वर्षे राहणार आहेत.

रात्रीचे प्रश्न आणखी निराळे. दोनपैकी एकच दिवा चालू असलेला ट्रक दुरून मोटारसायकलसारखा दिसतो आणि समोरचा चालक त्यासाठी तेवढीच जागा सोडतो. याउलट शेजारी-शेजारी चाललेल्या दोन मोटारसायकली दूरवरच्या एका मोटारीसारख्या भासतात. एकच दिवा असेल तर अंतराचा अंदाज बांधण्यासाठी नजरेला दुसरा बिंदूच मिळत नाही. लंडन विद्यापीठातील रॉयल होलोवे महाविद्यालयाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की, मोटारसायकलच्या पुढे त्रिकोणी रचनेत तीन दिवे असतील तर अंधारात तिच्या वेगाचा अंदाज अधिक अचूक बांधता येतो. दिवा किती प्रखर आहे यापेक्षा तो वाहनाचा आकार सांगतो की नाही, याला महत्त्व आहे, असा त्याचा अर्थ.

यात वळणदर्शक दिव्यांचीही भर घालावी लागेल. मोटारीचे वळण पूर्ण झाले की तिचा वळणदर्शक दिवा आपोआप बंद होतो. बहुतेक दुचाकींमध्ये तो स्वाराने आठवणीने बंद करावा लागतो. किलोमीटरभर लुकलुकत राहिलेला असा दिवा पाहून बाजूच्या रस्त्यावरील चालक निर्धास्तपणे पुढे येतो. येथे फसवणूक कोणाचीच नसते; पण प्रकाशाने सांगितलेली गोष्ट खोटी असते.

प्रखर झोताचा अतिरेक

दिसण्याचा आग्रह धरताना डोळे दिपविण्याची मर्यादा ओलांडली जाऊ नये, हे भान केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आहे. समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत अशा रीतीने दिव्याचा झोत खाली वळविलेला असावा, असे हे नियम सांगतात. जुन्या काळी मोटारींच्या दिव्यांच्या वरच्या भागावर काळा रंग दिला जात असे, तो याच कारणासाठी. आज ती पद्धत मागे पडली आणि प्रखर पांढऱ्या दिव्यांची चढाओढ सुरू झाली.

दिवसा दिवा सक्तीचा झाल्यापासून एक अनपेक्षित परिणामही जाणवतो. दिवा बंद करण्याचे बटण नसले तरी झोत वर-खाली करण्याचे बटण कायम आहे. चालकांच्या बोलीत यालाच ‘अप्पर-डिपर’ म्हणतात. उन्हात आपला झोत वर आहे की खाली, हे स्वाराच्या लक्षात येत नाही आणि ‘अप्पर’वर राहिलेला दिवा संध्याकाळीही तसाच राहतो. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, तोही उत्तरादाखल आपला झोत वर करतो आणि काही क्षण दोघेही अंधारात वाहन चालवितात. त्याच क्षणी रस्त्याच्या कडेने चाललेला पादचारी किंवा मागे दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली दोघांनाही दिसत नाही. बाजारातून आणून बसविलेले जादा क्षमतेचे दिवे हा तर उघड नियमभंग असूनही त्यांची विक्री खुलेआम चालते.

दिव्यांच्या गर्दीचा प्रश्नही पुढे येत आहे. युरोपात २०११ पासून नव्या प्रकारच्या मोटारींनाही दिवसा तेवणारे दिवे बंधनकारक झाले. त्यानंतर फ्रान्समधील संशोधकांनी २०१२ मध्ये असे निदर्शनास आणले की, आजूबाजूच्या सर्वच मोटारींचे दिवे पेटलेले असतील तर त्यांत मोटारसायकलचा एकटा दिवा वेगळा उठून दिसत नाही. भारतातही अनेक नव्या मोटारींना असे दिवे असतात. सगळेच दिवे लावू लागले की दुचाकीला मिळालेला लाभ हळूहळू विरळ होण्याची शक्यता नाकारता येत नाही.

दिसूनही न मोजलेला

परदेशातील बहुतेक अभ्यास जेथे झाले, तेथे रस्त्यावर मोटारी अधिक आणि मोटारसायकली तुरळक होत्या. तेथील चालकाला मोटारसायकल अपेक्षितच नसते, म्हणून ती दिसत नाही. पुणे, अहमदाबाद, बंगळुरू किंवा लखनौच्या रस्त्यांवर ही स्थिती नाही. येथे चालकाच्या चहूबाजूंना दुचाकीच असतात. त्या त्याला दिसत नाहीत, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

भारतातील प्रश्न म्हणूनच काहीसा निराळा आहे. येथे दुचाकी अनेकदा दिसते, पण हिशेबात धरली जात नाही. लहान वाहनाने मोठ्याला वाट द्यावी, हा अलिखित नियम इतका रुजला आहे की समोरून दुचाकी येत आहे हे पाहूनही बसचालक पुढच्या वाहनाला मागे टाकायला निघतो. दुचाकीस्वार रस्त्याच्या कडेला, गरज पडल्यास मातीत उतरेल, हे त्याने गृहीत धरलेले असते. अशा वेळी ट्रकच्या दिव्याची उघडझाप हा इशारा न राहता हुकूम बनतो आणि दुचाकीचा अखंड तेवणारा दिवा केवळ एक विनंती. दिवा दुचाकीचे अस्तित्व सिद्ध करू शकतो. तिचा हक्क मान्य करायला लावण्याचे सामर्थ्य त्याच्यात नाही.

या सगळ्याची किंमत केवळ आकड्यांत मोजता येणारी नाही. दुचाकी हे या देशात हौसेपेक्षा गरजेचे वाहन आहे. शेतमाल बाजारात नेणारा शेतकरी, कारखान्याची पाळी गाठणारा कामगार, शाळेत निघालेली शिक्षिका, घरोघरी जेवणाचे डबे आणि पुडकी पोहोचविणारा तरुण यांचा दिवस दुचाकीवर चालतो. तिच्यावरील मृत्यू बहुधा घरातील कमावत्या माणसाचा असतो.

काय करता येईल

पहिली गरज शिक्षणाची आहे. दुचाकीच्या परवान्यासाठी आठचा आकडा काढून दाखविणे वर्षानुवर्षे पुरेसे मानले गेले. केंद्र सरकारने जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची योजना लागू केली आहे. या केंद्रांच्या आणि शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत दिव्यांच्या इशाऱ्यांचे प्रश्न ठळकपणे यावेत. उघडझाप म्हणजे केवळ ‘मी येथे आहे’. ती परवानगी नव्हे आणि हक्कही नव्हे, एवढे एक सूत्र प्रत्येक नव्या चालकाच्या मनावर बिंबले तरी मोठे काम होईल. हेच सूत्र बस आणि ट्रकचालकांच्या उजळणी वर्गांतही यायला हवे, कारण या भाषेचे खरे कर्ते तेच आहेत.

दुसरी गरज नोंदींची आहे. देशात २०२१ पासून रस्ते अपघातांची माहिती एकात्मिक संगणकीय प्रणालीत नोंदविण्याचे काम सुरू झाले. दुचाकीचा दिवा सुरू होता का, झोत वर होता की खाली, समोरच्या चालकाने इशाऱ्याचा काय अर्थ घेतला, या बाबी पोलिसांच्या तपासात नियमितपणे विचारल्या गेल्या, तर २०१७ च्या नियमाचा परिणाम मोजता येईल आणि पुढील धोरणाला आधार मिळेल. ‘अतिवेग’ या एका शब्दात सर्व काही सामावून घेण्याची सवय सोडावी लागेल.

तिसरी गोष्ट दुचाकीस्वारांच्या स्वतःच्या हातात आहे आणि ती फारशी खर्चिक नाही. फिकट रंगाचे हेल्मेट, दिवसासाठी भडक पिवळा किंवा नारिंगी कपडा आणि रात्रीसाठी प्रकाश परत फेकणारी पट्टी, यांनी माणसाचा आकार समोरच्याच्या नजरेत भरतो. दोन्हींचे काम वेगळे आहे. भडक रंग सूर्यप्रकाशात उठून दिसतो, पण अंधारात निरुपयोगी ठरतो; परावर्तक पट्टी नेमकी त्या वेळी उपयोगी पडते. गतिरोधकाच्या पुढे चौक असेल, तर आपल्या दिव्याने नकळत इशारा दिला असावा असे गृहीत धरून वेग आवरणे शहाणपणाचे. वळण संपताच वळणदर्शक दिवा बंद झाल्याची खात्री करणे आणि निघण्यापूर्वी झोत खाली आहे ना हे पाहणे, या सवयींना पैसाही लागत नाही.

रस्त्यांची जबाबदारी असलेल्या यंत्रणांनाही यातून सूट देता येणार नाही. चौकाच्या तोंडाशीच बांधलेले बेढब गतिरोधक, वळणावर दृष्टी अडविणारे फलक आणि झुडपे, उजवीकडे वळण्यासाठी स्वतंत्र मार्गिका नसलेले महामार्गांवरील छेद, यांमुळे चालकाला अंदाजावर विसंबावे लागते. अंदाजाची गरज जेथे कमी, तेथे चुकीच्या अंदाजाची शक्यताही कमी.

दुचाकीचा दिवा सतत पेटता ठेवण्याचा निर्णय योग्य होता आणि तो टिकून राहिला पाहिजे. मात्र बटण काढून टाकल्याने दिवा पेटता राहतो, तसा त्याचा अर्थ आपोआप समजत नाही. तो शिकवावा लागतो, पाळावा लागतो आणि मोठ्या वाहनाने लहान वाहनासाठी मान्य करावा लागतो. दुचाकी सुरक्षेच्या पुढच्या टप्प्यावर सरकारची, प्रशिक्षण संस्थांची आणि चालकांची खरी कसोटी येथेच लागणार आहे.